म्हाताऱ्याचे ठोके

११ मार्च, दुपार

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू टेबलाच्या कोपऱ्यात फेकून देशील, मला माहीत आहे. फेक. फाडू मात्र नकोस. तू नंबर बदललास, आणि तुझ्या कारखान्यात फोन केला तर तिथल्या बाई म्हणतात, "कामावरच्या माणसाला बोलावता येत नाही, निरोप ठेवा." काय निरोप ठेवू? आपला बाप हट्टी आहे, हा काय निरोप झाला? ते तर तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

सरळ मुद्द्यावर येते. बाबांना डोंगरावरून खाली आणायचं आहे आणि ते माझं ऐकत नाहीत.

कारण सांगते, पण खरं तर ते तुला सांगायला मला बंदी आहे. वेधशाळेत साहेबांनी पाटी लावली आहे, सरकारी सूचना निघेपर्यंत घरच्यांशीसुद्धा बोलायचं नाही म्हणून. पाटी नेमकी माझ्या टेबलासमोर लावली आहे, यावरून ती कुणासाठी ते समज. तर ऐक. डोंगर तापतोय. वरच्या झऱ्याचं पाणी कोमट यायला लागलंय, पूर्वेकडचा उतार किंचित फुगलाय, आणि वारा पडला की गंधकाचा वास पार खालच्या बसथांब्यापर्यंत येतो. समुद्राखालची जमीन आपल्या जमिनीखाली सरकत असते, खोल गेली की तिच्यातलं पाणी वरच्या खडकात मुरतं, खडक वितळतो आणि तो रस वर यायला वाट शोधतो. हे सगळं शाळेत शिकवलं होतं. तू तेव्हा बाकाखाली गोट्या खेळत होतास.

फुटेलच असं नाही. आजीच्या लहानपणी असाच गुरगुरला आणि गप्प बसला. बाबा तेच धरून बसलेत. पण दादा, आपली दगडाची खाण ओढ्याच्या काठी आहे. वरून जे काही येईल ते ओढ्याची वाट धरूनच येईल, आणि आपलं घर त्या वाटेतलं पहिलं घर आहे.

तुला एक गंमत सांगते, तू गेल्यानंतरची आहे. आमचं एक भूकंपमापक यंत्र मी खाणीच्या मागच्या खोलीत बसवून घेतलं. जमीन पक्की, खोलीला कुलूप, आणि राखणीला फुकटात बाबा. ऑफिसात त्या यंत्राचं नाव पडलंय 'म्हातारा'. पडद्यावर त्याची रेघ सगळ्यांत घाणेरडी, कारण बाबांनी छिन्नीवर हातोडा मारला की रेघ उडी मारते. ठक, जरा थांबून ठक, परत ठक. माणसाचे ठोके डोंगराच्या हिशेबात धरायचे नसतात, म्हणून ते निवडून काढून टाकायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी आले की आधी ते बघते. ठोके दिसले की मनात म्हणते, लागलात का बाबा कामाला. घरी फोन करायची गरजच पडत नाही.

हल्ली तर रात्रीचेही ठोके दिसतात. या वयात! मागच्या रविवारी गेले तेव्हा चांगलं झापलं त्यांना. तर म्हणतात, "झोप येत नाही तर काय छताकडे बघत बसू? माझी खाण, माझा हात. तुझं काय जातं?" अंगभर दगडाची भुकटी, मिशीसकट पांढरे.

माझं ऐकत नाहीत, पोलिसांचं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. हसू नकोस. त्या मशीनच्या भांडणाला इतकी वर्षं झाली. तू दगड कापायची मशीन आणलीस, त्यांनी ती गड्यांकरवी रस्त्यावर ओढून काढली, तू म्हणालास, "मग करा दगडांशीच संसार," आणि गेलास. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, त्याचा तुला राग आहे, असू दे. पण आता दोन ओळी लिही. "बाबा, काही दिवस भिंगरीकडे जाऊन राहा." एवढंच. माफी नको, प्रेम नको, काही नको.

भिंगरी


२१ मार्च, संध्याकाळ

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. नसू दे, मी थांबत नाही. मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज चैन पडणार नाही, आणि हे ऐकून घेण्यासारखं तुझ्याशिवाय कुणी नाही.

आज बाबांची दाढ काढली. परतीची बस उशिरा होती, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडून त्यांना थेट ऑफिसात आणलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. गाल टम्म फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे बाबा आयुष्यात पहिल्यांदा गप्प. मी मनात म्हटलं, ही दाढ फार आधी काढायला हवी होती.

आत आले तर बॅटरीवाला पडद्यासमोर चहा पीत उभा होता. हा आमच्या सगळ्या यंत्रांच्या बॅटऱ्या बदलत डोंगरभर हिंडतो, आणि याच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, "ताई, तुमचे बाबा आज काय तालात आहेत! बघा तरी."

मी बघितलं. म्हाताऱ्याची रेघ उडत होती. ठक, जरा थांबून ठक, परत ठक. सवयीनं माझा हात पुढं गेला, ठोके निवडून काढायला. आणि मग काचेतून बाहेर नजर गेली. बाबा बाकावर बसले होते, गाल धरून, समोरच्या कॅलेंडरकडे बघत.

बाहेर जाऊन विचारलं, "बाबा, खाणीवर कोण आहे?" त्यांनी मान हलवली. "कुणी गडी ठेवलात का?" परत मान हलवली. "किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली.

"मग ठोकतंय कोण?"

यावर त्यांनी बोळा काढून हातात घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांची चोरी पकडली. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

मला काहीच कळेना. मला कुणी काय सांगणार होतं? मग त्यांनी उजवा हात हळूच गुडघ्यावर ठेवला. बोटं थांबत नव्हती. थरथर, थरथर. डाव्या हातानं ती दाबून धरली तरी थांबत नव्हती. म्हणाले, "गेल्या थंडीपासून छिन्नी धरवत नाही. कुणाला बोलू नकोस."

गेल्या थंडीपासून! म्हणजे मी रविवारी जायच्या आधी हा माणूस पोत्यातली भुकटी अंगावर उडवून घेत होता. मिशीलासुद्धा. मी रात्री काम करता म्हणून ओरडले, तर तेही त्यांनी स्वतःवर घेतलं, कारण 'रात्री कुठलं, मी दिवसाही काही करत नाही' असं सांगायची लाज वाटली. आणि मी शहाणी, रोज सकाळी पडद्याकडे बघून म्हणायची, लागलात का बाबा कामाला. ते बाबा नव्हतेच. मी डोंगराला विचारत होते, आणि डोंगराचं उत्तर हातानं निवडून फेकून देत होते.

एवढे एकसारखे ठोके जमिनीतून कसे येतील, असं तुला वाटेल. येतात. जड कपाट ओढताना कसं होतं? अडतं, मग एकदम थोडं सरकतं, परत अडतं. चिकट, अर्धवट गोठलेला रस नळीतून वर येताना तसाच अडत अडत येतो. प्रत्येक सरकण्याला एक ठोका. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण खाणीत यंत्र बसवल्यावर ठोका म्हणजे बाबा, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं की दुसरं काही सुचलंच नाही. आणि एवढे बारीक, एवढे उथळ ठोके दुसऱ्या कुठल्या यंत्राला पोचतही नव्हते.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून उठले आणि परत बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काढून टाकलेले सगळे ठोके आम्ही परत रेघेवर आणून मांडतोय. मांडता मांडता एक गोष्ट दिसली आणि ती मला अजिबात आवडलेली नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी कमी होत आलंय.

बाबा बसनं परत वर गेले. मी अडवलं तर म्हणाले, "तोंड दुखतंय, वाद घालू नकोस."

दादा, उत्तर दे.

भिंगरी


३ एप्रिल, दुपार

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "मशीन ठेवली असती तर हात शाबूत राहिला असता." वर तारीख नाही, खाली नाव नाही.

खरं आहे. म्हणून तर जास्त राग आला. पण हे तू आत्ता, मला, कशाला लिहितोस? मी काय विचारलं होतं आणि तू काय उत्तर दिलंस! तू आणि बाबा एकाच खडकातून निघालेले आहात, आणि मधल्या मध्ये मी भरडली जातेय.

सूचना निघाली. वरची सगळी घरं रिकामी करायची. साहेबांनी गावाची सभा शाळेत बोलावली आणि मला पुढं उभं केलं, कारण मी 'गावातली'. फळ्यावर डोंगर काढला, आत नळी काढली, रस कुठवर आलाय ते दाखवलं. किराणा दुकानवाल्या मावशींनी पहिलाच प्रश्न टाकला, "तारीख सांग."

"मावशी, तारीख सांगता येत नाही."

"लग्नाची सांगता येते, बाळंतपणाची सांगता येते. मग तुम्ही इतकी माणसं तिथं बसून करता काय?"

सगळे हसले. मीही हसले. पण हसता हसता मावशी दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढून, कोंबड्यांसकट खाली आल्या. बाकीचेही आले. शाळेचे वर्ग भरलेत, व्हरांड्यात चटया, मैदानात गाड्या, नळावर भांडणं. एकच माणूस आला नाही.

सभेला आले होते, हां. सगळ्यात मागच्या बाकावर, उजवा हात खिशात. मी म्हणाले, "आपण ज्या काळ्या दगडाचे उंबरे घडवतो तोसुद्धा एके काळी असाच वाहता रस होता. हळूहळू थंड झाला म्हणून घट्ट झाला." तर मागून आवाज, "आता गार आहे ना? मग बस." परत सगळे हसले. मला तिथंच खडू फेकून मारावासा वाटला.

सभा संपल्यावर त्यांना व्हरांड्यात गाठलं. मी म्हणाले, "मी हात जोडते." ते म्हणाले, "हा डोंगर मला तुझ्या यंत्रापेक्षा जास्त कळतो. उभं आयुष्य काढलंय त्याच्या अंगावर. काही होत नाही." हे त्या माणसाचं बोलणं, ज्याच्या पायाखाली महिनोनमहिने ठोके पडत होते आणि त्याला पत्ता नव्हता! मी तसं तोंडावर बोलले. त्यांना लागलं. म्हणाले, "खाणीला कुलूप घालून खाली येऊन बसलो की गाव म्हणणार, हात गेला म्हणून आला. तुझ्या डोंगराचं नाव कोण घेतंय?"

आणखीही एक कारण त्यांनी सांगितलं, पण ते तुला सांगायचं नाही असं मी ठरवलंय. तुझ्या त्या एका ओळीनंतर तर नाहीच.

पोलीस एकदा जाऊन आले. बाबांनी त्यांना पाणी दिलं, बसायला दगड दिला आणि परत पाठवलं. ठोके आता इतके जवळ जवळ येतायत की सलग गुणगुणल्यासारखी रेघ दिसते. माझा पाय एका जागी ठरत नाही. पडद्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पडद्यापर्यंत. बॅटरीवाला म्हणाला, "ताई, तुम्हीच इतक्या फेऱ्या मारताय, यंत्राला वाटेल तुम्हीच भूकंप." मी त्याच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं.

भिंगरी


१० एप्रिल, सकाळ, शाळेचा व्हरांडा

दादा,

बाबा खाली आलेत. आधी हे वाच, म्हणजे जीव भांड्यात पडेल. पडत असेल तर.

कसे आले ते आता सांगते, आणि नीट वाच, कारण यात तू आहेस.

काल साहेबांनी म्हातारा उचलून आणायला परवानगी दिली. यंत्र महागाचं आहे, जळून जायला नको. बॅटरीवाला जीप घेऊन निघाला तशी मी न विचारता पुढच्या सीटवर चढून बसले. वर सगळीकडे शुकशुकाट. झाडांची पानं करपलेली, ओढ्याचं पाणी दुधासारखं पांढरट. शिखराच्या अंगाला एक काळं टेंगूळ आलंय आणि त्यातून दगड सुटून घरंगळतायत. आवाज खाणीपर्यंत येतो.

बाबा दारात बसले होते. बॅटरीवाला यंत्र सोडवायला मागं गेला आणि मी त्यांच्यासमोर उभी राहिले. काय काय बोलले विचारू नकोस. ओरडले, हात जोडले, आईची शपथ घातली. शेवटी म्हणाले, "मीही मग इथंच बसते, दोघं मिळून मरू." तर शांतपणे म्हणतात, "वेड्यासारखं बोलू नकोस. तू जा."

आता ते दुसरं कारण सांगते, जे मागच्या पत्रात गिळलं होतं. बाबा म्हणाले होते, "तो कधीतरी परत येईल. आला की इथंच येईल. त्याला दुसरी जागा कुठं ठाऊक आहे? दाराला कुलूप दिसलं तर तसाच माघारी जाईल, त्याचा स्वभाव मला माहीत आहे."

हे डोक्यात होतं, आणि वर दगड घरंगळत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा आलाय."

त्यांनी वर बघितलं.

"कुठं?"

"खाली. शाळेत. तुमची वाट बघतोय. मला म्हणाला, बाबांना घेऊन ये."

दादा, एवढे दिवस जो माणूस पोलिसांना हलला नाही, तो उठला आणि आत गेला. मला वाटलं दार लावून घेतायत. तर धुतलेला शर्ट घालून बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. बटणं उघडी. म्हणाले, "एवढी लावून दे गं." आजवर पाण्याचा पेलासुद्धा कुणाच्या हातून घेतला नाही त्यांनी. मी बटणं लावली. बॅटरीवाला यंत्र घेऊन आला, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्यासारखा बडबड्या माणूस खालपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दाराला कुलूप न लावताच निघाले. वाटेत तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. एकदा मला विचारलं, "बारीक झालाय का?" मी म्हणाले, "थोडा." एकदा म्हणाले, "मशीनचा विषय मी काढणार नाही. त्यानं काढला तरी नाही काढणार."

शाळेत पोचल्यावर मी म्हणाले, दादा औषधं आणायला शहरात गेलाय, येईल. आज सकाळी मी म्हणाले, बस मिळाली नसेल. आता ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेत. एकेक बस आली की उठतात. उतरणारी माणसं संपेपर्यंत उभे राहतात आणि मग बसतात. दुपारपर्यंत आणखी काय सांगू, मला सुचत नाही.

तू आलाच नाहीस असं कळलं तर ते त्याच पावली वर जातील. फाटक उघडंच असतं आणि वाट त्यांना पाठ आहे. तुझ्या कारखान्यात परत फोन केला, बाईंना म्हटलं, निरोप लिहून घ्या: बाप वाट बघतोय, शाळेत ये. त्यांनी दिला का निरोप? तुझ्या एका ओळीचा राग मी गिळला, मशीनचा राग तू गिळ. नंतर हवं तर पुन्हा काढ आणि मोठ्यानं भांड. पण आधी ये.

भिंगरी


१९ एप्रिल, दुपार

दादा,

बातम्यांत बघितलं असशीलच. परवा सकाळी डोंगर फुटला.

आवाज म्हणशील तर मोठा नव्हता. आधी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मग पूर्वेच्या अंगाचं ते टेंगूळच्या टेंगूळ खाली बसलं आणि त्यातून करड्या रंगाचा लोट उतारावर सुटला. लांबून हळू वाटतो. हळू नसतो. ओढ्याच्या वळणावर आला तसा पूर्ण वळला, जसा आम्ही नकाशावर काढला होता तसाच. खाण त्याच्या वाटेत होती. दोन जांभया होतील एवढ्या वेळात खाण नव्हती.

मग अंधार झाला, भरदिवसा. राख पडत होती. पोरंटोरं रडत होती, मावशींच्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. हाताला लागणारी राख पिठासारखी मऊ नसते, टोचते. ती काचच असते, रस हवेत इतक्या झटक्यात थंड होतो की त्याला दगड व्हायलाही वेळ मिळत नाही. हे मी एका बाईंना समजावून सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्यानं बोलतेय आणि थांबत नाहीये.

एकही माणूस दगावला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला ती थोपटलेली नको होती. वर एक माणूस राहिला होता आणि तो खाली आला तो माझ्या यंत्रामुळे नाही.

बाबा फाटकाजवळच होते, आठवडाभर मी रोज नवी सबब सांगत होते आणि ते रोज तिथंच बसत होते. डोक्यावर टॉवेल घेऊन, खुर्चीत. डोंगराकडे त्यांनी एकदाच बघितलं. मी जवळ गेले तर म्हणाले, "रस्ते बंद झाले असतील. त्याची बस मध्येच अडकली असेल." खाण गेली, घर गेलं, आणि हा माणूस तुझ्या बसची काळजी करतोय!

मला ते सहन झालं नाही, दादा. त्यांच्या पायाशी खाली बसले आणि रडत रडत सगळं खरं सांगून टाकलं. दादा आलाच नव्हता. मी खोटं बोलले. तुम्हाला खाली आणायला दुसरं काही उरलं नव्हतं. मला हवं तर मारा.

मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "खोटं."

"हो बाबा, खोटंच बोलले मी."

"तेव्हा नाही. आत्ता बोलतेस ते खोटं. लहानपणापासून तुला ओळखतो मी. खोटं बोललीस की रडतेस. खाणीवर 'दादा आलाय' म्हणालीस तेव्हा तुझे डोळे कोरडे होते."

मी शपथा घेतल्या. बॅटरीवाल्याला बोलावून आणलं, त्यानंही सांगितलं. बाबांनी त्यालाही उडवून लावलं. म्हणाले, "तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलताय. मला कळलंय सगळं. तो आला होता. मला लांबून बघितलं असेल, या खुर्चीत, हा असा हात घेऊन बसलेला. राग गेला नाही त्याचा. न भेटता गेला."

आणि हे त्यांच्या मनात आता पक्कं बसलंय, दादा. मी काहीही केलं तरी निघत नाही. माझं खोटं त्यांनी इतकं घट्ट धरलंय की खरं त्यात शिरतच नाही. तू आला नाहीस हे त्यांना पचलं असतं, इतकी वर्षं पचवतच होते. तू येऊन गेलास हे पचत नाहीये. दोन दिवस झाले, फाटकाकडे जात नाहीत. बस आली तरी उठत नाहीत. सातवीच्या वर्गात कोपऱ्यातल्या चटईवर पडून असतात, शर्ट अंगात तोच, आणि बटणं काढू देत नाहीत.

मी तुला ये म्हणून लिहीत आले. आता विनवणीसुद्धा करणार नाही, फक्त झालं ते सांगते. आज दुपारी त्यांच्यापाशी ताट घेऊन गेले. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जाताना जेवून तरी गेला का गं तो?"

मी म्हणाले, "हो बाबा. पोटभर जेवला."

या वेळी मी रडले नाही. त्यांनी मान हलवली, ताट ओढून घेतलं आणि डाव्या हातानं जेवायला लागले.

भिंगरी